भुऱ्याला लागलेली शिस्त

आमच्या पडेगावात उन्हाळा कॅलेंडरच्या आधी गल्लीत येतो. टँकर मागं घेताना जो टीं-टीं आवाज होतो ना, तो सकाळी कानावर पडला की समजायचं, आले ते दिवस. यंदाही आले. मी रिकामे ड्रम खंगाळत होते, तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगमधली नेहा गेटशी येऊन उभी राहिली. नवीन लग्न झालेली, गोड पोरगी. हातात पांढरंशुभ्र केसाळ पिल्लू. "काकू, तुमच्याकडं पूर्वी कुत्रा होता म्हणे. हा सारखा घरातच करतो हो. पाण्याची ही बोंब, किती वेळा पुसू? मोबाईलवरचे सगळे व्हिडिओ बघून झाले. तुम्ही कसं शिकवलं होतं?"

कसं शिकवलं होतं! मी हसले. तिला म्हटलं, त्याच्या झोपायच्या जागेकडं लक्ष ठेव, पिल्लू आपली झोपायची जागा कधी खराब करत नाही, तिथूनच सगळं सुरू होतं. ती "थँक्यू काकू" म्हणून गेली. तिचं काम झालं, पण माझं काही ड्रम धुण्यात लक्ष लागेना. चहा टाकला, पायरीवर बसले, तर डोळ्यांसमोर तो दुसरा उन्हाळा. तो काही नेहाला चहाच्या एका कपात सांगण्यासारखा नव्हता.

तेव्हा इथं एवढ्या बिल्डिंगा नव्हत्या. आमची रो-हाऊसची एक ओळ, समोर कच्चा रस्ता आणि रस्त्यापलीकडं थेट डोंगरापर्यंत मोकळं रान. शहराचं नावसुद्धा तेव्हा जुनंच होतं. मी सरकारी दवाखान्यात नर्स, हे वाळूजला कंपनीत, मुलगा शिकायला पुण्यात. पाऊस लागोपाठ हुकलेला. आठवडा आठवडा नळाला नुसती हवा यायची, सूंऽऽ करून. टँकर आला की ड्युटीवरून आलेली मी त्याच साडीत पाईप धरायला पळायची. टँकरवाला ओरडायचा, "बाजी, जल्दी करो, आगे बहोत लोगां खडे है!" सांडलेलं पाणीसुद्धा मी टमरेलानं भरून झाडांना घालायचे. माणूस कसा होऊन जातो बघा. कुणाकडं पाहुणे आले म्हटलं की पहिला विचार त्यांच्या चहाचा नाही, त्यांच्या आंघोळीचा यायचा.

आणि अशात आबा आले.

आबा म्हणजे माझे वडील. कन्नडकडचं आमचं गाव, आणि आमचा पिढीजात धंदा मेंढरांचा. दिवाळी झाली की आबा कळप घेऊन खाली गंगापूरकडं उतरायचे. तिकडचे शेतकरी निरोप धाडून बोलवायचे, आमच्या रानात मेंढ्या बसवा म्हणून. बसवायच्या म्हणजे रात्रभर त्या शेतात मुक्कामाला ठेवायच्या. सभोवती वाघर लावायची, म्हणजे खुंट्यांवर ताणलेलं सुताचं जाळं, आणि वाघरीला लागून कुत्री. रात्रभरात लेंड्या पडतात, मूत मुरतं, त्यावर रान पिकतं. शेतकरी वर धान्य द्यायचा आणि रामराम करायचा. आता सांगा, जनावराच्या ज्या गोष्टीला माझ्या दवाखान्यात घाण म्हणून फिनाईल टाकतात, त्या गोष्टीला माझ्या बापाच्या जगात लोक हात जोडत होते.

त्या साली गवताची काडी राहिली नाही. पाणवठे फुटक्या मडक्यासारखे कोरडे. मेंढरं डोळ्यांदेखत वाळायला लागली, तेव्हा आबांनी अख्खा कळप विकला. कळपाबरोबर कुत्रीपण गेली. कुत्री मेंढरांची असते, मालकाची नाही, हा रिवाज. आई तर आधीच गेली होती. घरात उरले आबा आणि कुत्रीच्या शेवटच्या वेतातलं एक पिल्लू, जे घ्यायला कुणी तयार नव्हतं. इकडं या म्हणून मी फोनवर रडले, भांडले, शपथा घातल्या. शेवटी एका दुपारी आबा एसटीनं उतरले. खांद्यावर घोंगडी, डोक्यावर पोतं, उजव्या हातात मेंढरं हाकायची काठी. घोंगडी आपोआप हलत होती.

"आबा, काय आणलंत हो हे?"

"काय नाय माय. ह्यो भुऱ्या. कंडक्टरला म्हणलं, लेकीसाठी खवा हाय."

"आणि पोत्यात?"

"मेंढरांच्या वाड्यावरच्या लेंड्या. तुपल्या झाडायला. इथं खत कुठून आणशील?"

पोतंभर लेंड्या माहेरची भेट म्हणून किती लेकींना मिळाल्या असतील, मला माहीत नाही. मी आनंदानं घेतल्या. गेटच्या आतल्या चिमूटभर मातीत माझा कढीपत्ता आणि मोगरा उभा होता, तिथं आबांनी त्या जाड पसरल्या. मग पिशवीतून जुन्या वाघरीचा तुकडा काढला, झाडांभोवती खुंट्या ठोकून ताणला आणि भुऱ्याला त्यात सोडलं. "इथं मातीत ऱ्हाईल, मातीत करंल. आपोआप शिकंल. तू काय काळजी करू नको."

समोरच्या रस्त्यानं खडीचे डंपर सुसाट जायचे, म्हणून गेट सारखं बंद. भुऱ्याला एवढीच दुनिया: झाडांखालची वाघर आणि माझं घर. दिवसा त्याला मोकळं सोडायचे. आणि रोज, न चुकता, हा पठ्ठ्या पायऱ्या चढून आत यायचा आणि माझ्या पांढऱ्या फरशीवर करून जायचा.

काय काय केलं म्हणून सांगू! पेपर अंथरले, त्याला पेपर दिसायचाच नाही. फिनाईल लावलं, तो शिंकायचा आणि दुसरा कोपरा धरायचा. कोपऱ्यावरच्या दुकानातली बाई म्हणाली, "त्याचं नाक त्याच्यातच घासा, बरोबर शिकतं." ह्यांनी त्याची मान धरून खाली नेली मात्र, आबा बाहेरून आत आले. एरवी जावयासमोर खुर्चीवर न बसणारा माणूस.

"पाव्हणं, नाकाला धका लावू नका. तेवढ्यावरच त्याचं पोट हाय."

हे ओशाळले. म्हणाले, "चुकलं मामा." पुढं ह्यांनी कधी हात लावला नाही, पण फडकं आणि बादली माझ्या वाट्याला आली ती आलीच. भांडी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी संडासाला, असा माझा हिशोब असायचा. त्या पिल्लानं तो पार उधळून लावला. एकदा ड्युटीवरून दमून आले तर हॉलमध्ये तळं. मी चिडून चांगलं अर्धी बादली पिण्याचं पाणी ओतलं. "घे मेल्या, घे!" म्हणाले.

आबा दारात उभे होते. फरशीवरून वाहत मोरीकडं चाललेल्या त्या पाण्याकडं बघत राहिले. त्या माणसानं पाण्यावाचून आपला कळप विकला होता. मग वऱ्हांड्यात जाऊन घोंगडीवर बसले. संध्याकाळी भाकरी वाढताना म्हणाले, "सुमे, मी जातो गावाकडं. ह्याला घेऊन."

"कामून? मी काय बोलले का तुम्हाला?"

"तू कशाला बोलशील माय. पर शहरात पाणी मोजून अन् जनावर बेहिशोबी. त्याला टाकून मला राहवत नाय. ते ऱ्हायलं तर मी ऱ्हाईन."

एवढीच अट. गावात घराला कुलूप, पाणी टँकरचं तेही पंचायतीपाशी, चढ चढला की आबांना धाप लागायची. रोज लोकांची छाती तपासताना उभी असते मी, मला ती धाप कळत नव्हती का? आबांना जाऊ दिलं तर एक दिवस शेजारी फोन करणार होते, आणि तो फोन काय असणार हे मला माहीत होतं. एवढ्याशा पिल्लाच्या मुतावर माझ्या बापाचं जगणं अडकलं होतं, हसावं की रडावं कळेना.

तसे आबाही घरात नव्हतेच म्हणा. आत त्यांच्यासाठी खाट टाकली होती, नवी गादी, पंखा. पण झोपायचे वऱ्हांड्यात, वाघरीकडं तोंड करून. "स्लॅब छातीवर येतो," म्हणायचे. मी दिवा लावायला बाहेर जायची तेव्हा दोघं दिसायचे. झाडांखाली लेंड्यांवर वेटोळं करून पिल्लू आणि अलीकडं घोंगडीवर आबा. मला उगाच घरमालकासारखं वाटायचं, भाडेकरू बाहेर बसलेत.

एका रविवारी सुट्टी होती. पायरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसले होते. भुऱ्या जागा झाला. अंग ताणलं. खालची माती हुंगली, इकडं हुंगली, तिकडं हुंगली, कुईं केलं. वाघरीच्या सुटलेल्या टोकाखालून निघाला, माझ्या मांडीला वळसा घालून आत गेला, टीव्हीखालचा कोपरा गाठला, मोकळा झाला आणि तसाच शेपूट हलवत परत. लेंड्यांवर जाऊन गोल फिरला आणि निवांत झोपला. सूप माझ्या हातात तसंच राहिलं.

"आबा," मी म्हटलं, "हे शिकलेलं आहे हो! हे रोज बाहेरच जातंय. फक्त ह्याचं बाहेर म्हणजे माझा हॉल आहे."

आबांनी झाडाखाली बघितलं. मग कपाळाला हात लावला. "व्हय गं माय. मेंढराच्या बसायच्या जागी कुत्रं कधी करत नाय. त्याच्या आईनं जल्मात केलं नाय. अन् मी येड्यावानी त्याला लेंड्यावरच बांधलं. म्हणलं माती हाय. त्याला ते घर झालं."

"मग आता?"

"आता काय. त्याचं घर आत आणावं लागंल. ते लेंडीमाती हुंगून झोपतं, ती आत पायजे." बोलून गेले आणि लगेच मान हलवली. "नको नको. तुपल्या घरात वास सुटंल. मीच जातो."

वास. आबांना माहीत नव्हतं, पण त्यांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं. नर्सिंगला शहरात आले तेव्हा होस्टेलमध्ये माझ्या शेजारच्या मुलीनं पहिल्याच आठवड्यात आपली कॉट खिडकीकडं सरकवली होती. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझी वळकटी, माझी पेटी, माझे केस, सगळ्याला मेंढरांचा वास होता. मला तो वास आहे हेच तोवर ठाऊक नव्हतं, घराला वास असतो का कधी? पुढं किती साबण झिजवले, केसांना शिकेकाई, कपड्यांना डांबराच्या गोळ्या. माझं घर फिनाईलचं घर झालं त्याचं मूळ काही नुसत्या दवाखान्यात नाही. लोक म्हणायचे, सुमनताईंच्या फरशीवर जेवावं. मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

त्या दुपारी मी गव्हाचं रिकामं पोतं घेतलं, कढीपत्त्याखाली बसले आणि हातानंच लेंड्या भरायला लागले. आबा "अगं, ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे" करत राहिले. भुऱ्या मध्ये मध्ये नाचत होता. पोतं शिवून आत नेलं, खाटेखाली अंथरलं, त्यावर आबांच्या घोंगडीचा एक पदर सोडला. संध्याकाळी हे कंपनीतून आले, दारातच थबकले. नाक वर केलं.

"अगं, हे काय?"

"माझं माहेर आहे," मी म्हणाले. "काही म्हणायचंय?"

ह्यांनी पंखा पाचवर केला आणि हातपाय धुवायला गेले. देवमाणूस.

भुऱ्या खाटेखाली शिरला. हुंगलं, गोल फिरला, बसला. पण आबा बाहेर, म्हणून कुईं कुईं सुरू. आबा आत येऊन खाटेवर टेकले की गप्प, उठले की परत रडगाणं. आबांनी दोन-चारदा उठून बघितलं, मग "आता बोला!" म्हणून आडवेच झाले. माझे वडील माझ्या घरात छपराखाली झोपले, ते असं एका पिल्लाच्या हट्टापायी. मी स्वयंपाकघरात उभी राहून दोघांचा श्वास ऐकत होते. घरभर मेंढरांचा वास पसरला होता आणि मला कितीतरी वर्षांनी आईची आठवण आली, अगदी तिच्या लुगड्यासकट.

त्यानंतर फारसं काही शिकवावं लागलं नाही. सकाळी भुऱ्या खाटेखालून निघायचा तो दाराशी जाऊन कडीकडं बघत बसायचा. आबा उठायचे, दोघं समोरच्या रानात. घरी आल्यावर आबांचा चेहरा परीक्षेला पहिला आलेल्या पोराच्या बापासारखा. "आज बी बाहेर!" रोज सांगायचे. माझी बादली वाचली, आबांची अट सुटली. महिनाभरात आबांची पिशवी खुंटीवरून उतरून कपाटात गेली, ते मी बघितलं आणि बोलले नाही. बोलले असते तर काढली असती परत.

आज नेहाची बिल्डिंग उभी आहे ना, ती त्यांची पहिली जागा. तिथं आधी फक्कीच्या रेघा आल्या. मग दगड पुरले, मग तारा, मग एक वॉचमन. "बाबा, इधर नको. साब की साइट है." आबा म्हणायचे, "आरं, त्याला काय साईट कळती?" पण भुऱ्याला कळायला लागलं. तार दिसली की थांबायचा आणि पुढचं रान धरायचा. ते रानही जायचं. पाण्याचा पत्ता नव्हता आणि घरं मात्र चढत होती, एवढ्या लोकांना हे शहर पाजणार काय, असं मला टँकरच्या रांगेत रोज वाटायचं. आजही वाटतं. दोघं मग लांब लांब जायला लागले. कधी आबांना बरं नसलं की भुऱ्या दाराशी बसून राहायचा, पोट तटतटलं तरी आत करायचा नाही. एकदा मी दवाखान्यातून येईस्तोवर तसाच बसला होता, पाय थरथरत होते. मी दार उघडलं आणि त्याला घेऊन पळत सुटले. केवढी शिस्त! मला कौतुक वाटलं, आणि वाईटही.

पुढं पाऊस झाला. चांगला झाला. डोंगर हिरवे झाले आणि आबांचा पुतण्या दत्तू गावाकडून आला. त्यानं नवी मेंढरं घेतली होती. "आबा, तुमच्याबिगर जमत नाय. माणूस बी पायजे अन् कुत्रं बी. भुऱ्या त्याच बिजाचा हाय." आबा तेव्हा चहा पीत होते, कप तसाच खाली ठेवला. इतक्या दिवसांत त्यांचा तो आवाज मी ऐकला नव्हता. किती माद्या, कोणत्या रानात, पाय कसे आहेत, लोकर कशी आहे, विचारता थकेनात. नवा फेटा काढला. भुऱ्या आता कमरेएवढा झाला होता. छाती भरलेली, बघत राहावं असा. मी शेंगदाण्याची चटणी, भाकरी, धापेच्या गोळ्या बांधून दिल्या. राहा म्हणायचं फार मनात होतं. नाही म्हणाले. जीप वळली आणि मी खाटेवर जाऊन बसले. आता आबा यायचे नाहीत, असं धरूनच चालले होते.

आठवडा झाला असेल नसेल, दुपारी कोपऱ्यावर जीप थांबली. भुऱ्या उडी मारून निघाला तो गेट, पायऱ्या, हॉल करत थेट खाटेखाली. मागून आबा. उंबऱ्यात बसले, पाणी मागितलं, तांब्याभर प्याले. मी भाकरीचं पीठ काढलं.

आबा स्वतःच बोलले. "मेंढरं बसवली. वाघर लावली. ह्याला म्हणलं, बस. बसंना. मेंढरात शिरंना. दत्तूच्या घराकडं पळालं अन् दारात रडत बसलं, आत घ्या म्हणून. दुसऱ्या दिशी बी तेच. मंग दत्तू म्हणला, आबा, लाखातलं कुत्रं तुम्ही शहरात नेऊन बिघडवलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, बिघडलं नाय रं ते. शिकलंय. अन् शिकलेलं माघारी मेंढरात येत नसतंय. मपली सुमी आली का?"

रागानं नाही, टोमणा म्हणून नाही, पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगितलं. मला हवं होतं तेच झालं होतं. आबा आता कायमचे माझ्याकडं राहणार होते. काटवटीतल्या पिठात पाणी किती घातलं ते मला दिसेना, भाकरी थापायच्या ऐवजी मी नुसती पाठमोरी रडत उभी राहिले. तोंड पुसून वळले तेव्हा लक्षात आलं, की आबांचा उजवा हात मांडीवर रिकामा पडलाय.

"आबा, तुमची काठी कुठं राहिली? जीपमध्ये विसरलात का?"

"नाय," आबा म्हणाले. "दत्तूला दिऊन आलो. इथं काय हाकायचंय?"